बुवे बेट : अडचण अंतराची नाही, शेवटच्या दोनशे मीटरची

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ-संपर्काचा, परवाना मिळून तुम्हाला वर्ष झालं. नाशिकला गच्चीवर साधा डायपोल, म्हणजे ताणलेल्या तारेचा अँटेना आहे, १०० वॅटचा सेट आहे. बुवे बेटाचं नाव निघालं की जुने हॅम एकदम हळवे का होतात, हे तुम्हाला कळत नाही. नकाशावर ते दक्षिण आफ्रिकेपासून अडीच हजार किलोमीटरवर दिसतं. आपले लोक अंटार्क्टिकात ‘मैत्री’ या भारतीय तळावर बारा महिने राहतात, तर या बेटावर जाऊन कुणाला दोन आठवडे राहता का येऊ नये? आणि कुणी गेलंच, तर तुमच्या डायपोलवर ते मिळेल का, की आत्तापासून टॉवरसाठी पैसे साठवायचे?

टॉवरचं उत्तर आधी देतो. नको. कारण शेवटी सांगतो, कारण ते समजायला आधी बेट समजायला हवं. मी तीस वर्षं या छंदात आहे आणि त्यातली बरीच या एका बेटाची वाट पाहण्यात गेली. त्यामुळे उत्तर लांबेल.

माणूस नाही, झाड नाही, तरी ते आपल्या यादीत का, हे थोडक्यात. डीएक्ससीसी, म्हणजे हॅम लोक संपर्कासाठी मोजतात त्या ठिकाणांच्या यादीत आज साधारण ३४० ठिकाणं आहेत आणि ती लोकसंख्येवर ठरत नाहीत. एखादा प्रदेश राजकीय किंवा भौगोलिकदृष्ट्या वेगळा असला की तो वेगळा मोजतात. बुवे नॉर्वेच्या मालकीचं, पण नॉर्वेपासून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून स्वतंत्र. तिथे कायमचा कुणी हॅम नाही, म्हणजे मुद्दाम कुणीतरी जाऊन ट्रान्समीटर लावल्याशिवाय ते हवेत येतच नाही. बरीच वर्षं जगात सर्वाधिक हव्या असलेल्या ठिकाणांत ते उत्तर कोरियाच्या पाठोपाठ होतं. उत्तर कोरियाची अडचण सरकारी परवानगीची. बुवेची अडचण समुद्राची.

आता बेट. ५४ अंश २५ मिनिटं दक्षिण, ३ अंश २२ मिनिटं पूर्व. क्षेत्रफळ सुमारे ४९ चौरस किलोमीटर, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत सातएक किलोमीटरचा तुकडा. त्यातला ९३ टक्के बर्फाखाली. मुळात हा ज्वालामुखी आहे आणि मधल्या बर्फाच्या पठाराखाली त्याचं मुख आहे. सर्वांत उंच टोक ओलाव्हटोप्पेन, ७८० मीटर. उंची आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला काहीच वाटणार नाही. पण सह्याद्रीला पायथा असतो. इथे बर्फ आणि काळा कडा सरळ समुद्रात उतरतात. पुळण म्हणावी अशी जागा बोटांवर मोजण्याइतकी, तीही अरुंद आणि वरून दगड पडणारी. खाडी नाही, बंदर नाही, जहाजाला वाऱ्याआड थांबता येईल असा आडोसा नाही.

आणि थंडी ही मुख्य गोष्ट नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नवीन माणूस नेहमी तापमानच विचारतो. वर्षाची सरासरी उणे एक अंशाच्या आसपास आहे. लेहमध्ये याहून कितीतरी कडाक्याची थंडी पडते आणि तिथे लोक राहतात. खरी गोष्ट वारा आणि लाट. पन्नासाव्या अक्षांशात पश्चिमेच्या वाऱ्याला अडवायला जमीनच जवळजवळ नाही. तो पृथ्वीला वळसा घालत येतो आणि हजारो किलोमीटर वाढत आलेली लाट बुवेच्या कड्यावर आदळते. वर बहुतेक दिवस ढग आणि धुकं.

माझं बालपण रत्नागिरीकडे किनाऱ्यावर गेलं. तिथला कुठलाही कोळी सांगेल, होडीला भीती भर समुद्रात नसते, काठाला असते. खोल पाण्यात लाट होडीला नुसती उचलते आणि ठेवते. उथळ पाण्यात तीच लाट फुटते आणि होडी आडवी करते. म्हणून पावसाळ्यात खाडीच्या तोंडावर फुटणारी लाट पाहून होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हात लावत नाहीत. बुवेला बाराही महिने तो पावसाळा असतो. अधूनमधून काही तास उघडीप मिळते आणि ती कधी मिळेल हे आधी कुणी सांगू शकत नाही. केपटाऊनपासूनचे अडीच हजार किलोमीटर कुठलंही चांगलं जहाज कापतं. शेवटचे दोनशे मीटर कापता येत नाहीत.

हे माझं मत नाही, बेटाचा सगळा इतिहासच हे सांगतो. १ जानेवारी १७३९ रोजी झां-बाप्तिस्त शार्ल बुवे द लोझिए या फ्रेंच दर्यावर्दीला धुक्यातून हे टोक दिसलं. त्याला वाटलं, दक्षिणेच्या मोठ्या खंडाचा हा कोपरा असणार. उतरणं सोडाच, त्याला बेटाला फेरीसुद्धा मारता आली नाही. शिवाय रेखांश चुकीचा नोंदला गेला. पुढे खुद्द कॅप्टन कुकने १७७० च्या दशकात या भागात शोध घेतला आणि त्याला बेट सापडलं नाही. १८०८ मध्ये व्हेल मारणाऱ्या इंग्रज जहाजांना ते पुन्हा दिसलं, पण उतरता आलं नाही. १८२५ मध्ये जॉर्ज नॉरिस पोहोचला. त्याने इंग्लंडच्या नावाने बेट ताब्यात घेतलं, आणि जवळच दुसरं एक बेट पाहिल्याचं नोंदवून त्याला ‘थॉम्प्सन बेट’ असं नाव दिलं. ते दुसरं बेट पुढे शोधूनही सापडलं नाही. बुवेची नेमकी जागा १८९८ मध्ये ‘वाल्दिविया’ या जर्मन संशोधन जहाजाने पक्की केली. म्हणजे दिसल्यापासून जागा ठरेपर्यंत दीडशेहून जास्त वर्षं. कारण सोपं आहे : जवळ जाऊन, थांबून, सावकाश मोजमाप करण्याची सोयच तिथे नव्हती.

पुढची हकिगत रेडिओवाल्याने तरी वाचावीच. डिसेंबर १९२७ मध्ये ‘नॉर्वेजिया’ मोहिमेने बेटावर पाय ठेवला, महिनाभर राहिली, झेंडा लावला, छोटी झोपडी उभारली. पुढच्याच वर्षी दुसरी मोहीम आली, ती तिथे हवामानाचं रेडिओ केंद्र उभारून माणसं ठेवायची म्हणून. त्यांना केंद्राला जागाच मिळाली नाही, आणि आदल्या वर्षीचा झेंडा आणि झोपडी दोन्ही वाहून गेली होती. आपल्यासारखं स्वप्न घेऊन बुवेला गेलेले पहिले लोक ते. १९५५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ‘ट्रान्सवाल’ या युद्धनौकेनेही हवामान केंद्रासाठी पाहणी केली आणि निकाल तोच आला.

त्यानंतर मात्र बेटानेच थोडी जागा करून दिली. १९५५ ते १९५८ च्या दरम्यान कधीतरी वायव्य किनाऱ्यावर मोठी दरड कोसळली आणि समुद्रात सुमारे दोन किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद अशी दगडांची सपाटी तयार झाली. नॉर्वेजियन लोकांनी तिला ‘न्यूरेयसा’ म्हटलं, आपल्या भाषेत ‘नवी दरड’. आज बेटावर चढायची त्यातल्या त्यात सोपी जागा तीच. १९७७ मध्ये तिथे स्वयंचलित हवामान केंद्र बसलं. १९९० च्या दशकात कंटेनरचं छोटं केबिन उभं राहिलं. २००६ मध्ये भूकंप झाला, पाया ढिला झाला, आणि २००७ मध्ये उपग्रहाच्या छायाचित्रात केबिन दिसेनासं झालं. वाऱ्याने उचलून नेलं होतं. नवं केंद्र २०१४ मध्ये झालं.

एक गोष्ट आणखी, कारण उतरण्याच्या अडचणीची दुसरी बाजू तिच्यात आहे. १९६४ मध्ये ब्रिटिश जहाज ‘प्रोटेक्टर’वरून काही जण हेलिकॉप्टरने न्यूरेयसावर उतरले, तेव्हा तिथल्या छोट्या तळ्यात त्यांना एक बेवारस होडी सापडली. नाव नाही, खूण नाही, माणसं नाहीत. यावर पुष्कळ रहस्यकथा रचल्या गेल्या. पण सोव्हिएत व्हेलिंग ताफ्याच्या नोंदींमध्ये सरळ उत्तर आहे : नोव्हेंबर १९५८ मध्ये ‘स्लावा-९’ या जहाजावरचे काही लोक होडीने उतरले, हवा बिघडली, होडीने परत फिरता येईना, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. ती होडी बहुधा त्यांचीच. मी कुठल्याही मोहिमेची योजना वाचतो तेव्हा पहिल्यांदा हेच पाहतो : वर चढणार कसे हे सगळे लिहितात, खाली येणार कसे हे कितीजणांनी लिहिलंय?

आता ‘मैत्री’ची तुलना. प्रश्न योग्यच आहे, कारण रेखांशाने पाहिलं तर ‘मैत्री’ बुवेच्या बरीचशी दक्षिणेलाच येते, क्वीन मॉड लँडमध्ये, आणि थंडी तिथे कितीतरी जास्त. १९८१ मध्ये गोव्याहून आपली पहिली मोहीम निघाली, आणि आजही सगळं नियोजन वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून होतं. ‘मैत्री’ १९८९ पासून चालू आहे. पण तिथे जहाज येऊन टेकतं ते खंडाच्या कडेला पसरलेल्या सपाट बर्फाच्या मंचाला. तो मंच एखाद्या धक्क्यासारखा वापरता येतो. क्रेनने सामान बर्फावर उतरवायचं आणि हेलिकॉप्टरने किंवा बर्फावरच्या गाड्यांनी आत न्यायचं. त्याच्या बाहेर समुद्रही बर्फाने दबलेला असतो, लाट मोडते. ‘मैत्री’ स्वतः शिर्माकर नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यावर आहे. म्हणजे बर्फ जास्त असणं ही तिथे सोय ठरते. बुवेला असा मंच नाही. सरकारी पाठबळ, मोठं जहाज, हेलिकॉप्टर हे सगळं वेगळंच.

‘मग हेलिकॉप्टरच न्या,’ असं तुम्ही म्हणाल. २०१८ मध्ये थ्री-वाय-झीरो-झेड या मोहिमेने तेच केलं. जहाजावर हेलिकॉप्टर, वर्षानुवर्षांची तयारी, जगभरच्या हॅम लोकांच्या देणग्या. जानेवारीच्या अखेरीस ते बेटापाशी पोहोचले. ढग खाली उतरलेले, धुकं, वारा. दिवसामागून दिवस थांबले. मग जहाजाचं एक इंजिन बिघडलं आणि कप्तानाने परत फिरायचा निर्णय घेतला. बेट समोर असताना. ती बातमी आली त्या रात्री मी सेट चालूच ठेवला होता. बंद करायला हात होईना. पण कप्तानाचा निर्णय तेव्हाही मला बरोबर वाटला आणि आजही वाटतो. त्या पाण्यात तुम्हाला ओढून न्यायला जवळपास दुसरं जहाज नसतं.

हेलिकॉप्टर चालतं, पण आभाळाने परवानगी दिली तर. पीटर पहिला नावाचं दुसरं नॉर्वेजियन बेट, अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला, तेही बर्फाने झाकलेलं आणि निर्मनुष्य. तिथे २००६ च्या मोहिमेला हेलिकॉप्टरने उतरता आलं आणि ८७ हजारांवर संपर्क झाले. नशीब आणि हवा, दोन्ही लागतात.

२०२३ मध्ये थ्री-वाय-झीरो-जे मोहीम उलट वाटेने गेली : हेलिकॉप्टर नाही, ‘मारामा’ नावाचं लहान पण दणकट जहाज, आणि रबरी होड्या. फॉकलंड बेटांवरून निघून ते बुवेच्या आग्नेयेला केप फिये इथे पोहोचले. रबरी होडी काठाला लावताच येईना, कारण लाट फुटत होती. शेवटी होडी बाहेर थांबवून, सामान पाणी न शिरणाऱ्या पिंपांत भरून, ते आणि माणसं दोरीच्या आधाराने लाटांतून काठावर आणावी लागली. ठरवलेल्या सामानापैकी थोडंच किनाऱ्यावर पोहोचलं. मोठे अँटेना, मोठे तंबू, सगळं जहाजावर राहिलं. तरीही आठवडाभरात १८ हजारांवर संपर्क झाले. लाखाच्या वर होतील अशी आशा असलेल्या लोकांनी त्यांच्यावर बरीच टीका केली. ती मला त्या वेळी सहन झाली नाही. दोन-तीन अंशांच्या पाण्यात छातीपर्यंत उभं राहून दोरी ओढणाऱ्या माणसांना गच्चीवर बसलेल्याने संख्या विचारू नये.

कुणीतरी लगेच सुचवेल की पेटीत बसवलेला सेट ठेवून या आणि दुरून चालवा. ही पद्धत आता खरंच आली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रशांत महासागरातल्या जार्व्हिस बेटावर असे संच ठेवून दुरून बरेचसे संपर्क केले गेले. मला ही पद्धत पसंत आहे. निसर्गालाही त्रास कमी होतो, आणि बुवे १९७१ पासून राखीव क्षेत्र आहे. सील आणि पेंग्विन यांच्या वसाहतींमुळे कुठे उतरायचं यावर मर्यादा येतात. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या परवानगीशिवाय काहीच करता येत नाही, आणि तसंच असावं. पण पेटीलाही ते दोनशे मीटर ओलांडावेच लागतात, आणि दोन आठवड्यांनी पेटी परत आणायलाही कुणीतरी उतरावं लागतं.

तेव्हा इथवरचं एवढंच धरून ठेवा : बुवे दुर्मीळ आहे ते बेत नीट न आखल्यामुळे किंवा पैसा कमी पडल्यामुळे नव्हे. मोहीम यशस्वी झाली तरी ती छोटी असेल, अँटेना साधे असतील, दिवस कमी असतील. आणि तुम्ही काय तयारी करायची ते यावरूनच ठरतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. मोहीम कुठल्या महिन्यात जाते, सौरचक्र कुठे असतं, ते लोक कुठले बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे कुठले पट्टे चालवतात. सूर्यावरचे डाग कमी झालेले असतील तर वरचे बँड, म्हणजे १०, १२, १५ मीटर, तुम्हाला निराश करतील, आणि मग २० मीटरच्या खालचेच कामाला येतील. पण भूगोल बदलत नाही. नाशिकहून बुवे साधारण साडेदहा हजार किलोमीटर, दिशा उत्तरेपासून मोजली तर २१३ अंश, म्हणजे नैर्ऋत्येला थोडी दक्षिणेकडे झुकलेली. सगळी वाट हिंदी महासागर आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने जाते. ही वाट आपल्याला अमेरिकेच्या वाटेपेक्षा कितीतरी सोपी आहे. हे आपलं भाग्य आहे, ते वापरा.

वेळेचा हिशोब मी असा करतो. मोहिमा बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत जातात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बुवेवर सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचा साधारण एक वाजलेला असतो, आणि उगवतो तेव्हा सकाळचे दहा. तुमच्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास. म्हणजे दोन्हीकडे अंधार फक्त रात्री एक ते सकाळी सात. ३० आणि ४० मीटरसाठी ही सहा तासांची खिडकी सोन्यासारखी, त्यातही आपल्या पहाटेचा शेवटचा अर्धा तास. २० आणि १७ मीटरसाठी संध्याकाळ ते मध्यरात्र. वरचे बँड दुपारी दोननंतर. युरोपची भिंत, म्हणजे हजारो ताकदवान स्टेशनांचा एकत्र कल्ला, संध्याकाळी सर्वांत उंच असते. पहाटे चारनंतर तिकडचे बरेच लोक झोपलेले असतात, आपण जागे राहायचं. मला २०२३ मध्ये बुवे मिळालं ते तिसऱ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास, ३० मीटरवर मोर्समध्ये, १०० वॅटवर आणि एका उभ्या तारेवर.

म्हणून टॉवर नको. तुमचा डायपोल आत्ता कसा बांधलाय ते पाहा. तारेच्या टोकांकडे संकेत कमी जातो, आडव्या बाजूला जास्त. म्हणून तार वायव्य–आग्नेय अशी ताणा, म्हणजे तिची रुंद बाजू बुवेकडे येईल. २० मीटरसाठी गच्चीच्या पत्र्यापासून आणि लोखंडी टाकीपासून जेवढी वर नेता येईल तेवढी न्या. जमिनीपासून दहा मीटर मिळाले तर उत्तम. खालच्या बँडसाठी फायबरच्या काठीवर एक उभी तार आणि गच्चीभर पसरलेल्या दहा-बारा रेडियल तारा. उभी तार क्षितिजाच्या जवळचा कोन पकडते, आणि बुवेचा संकेत त्याच कोनाने येतो.

त्याहून महत्त्वाचं, घरातला विजेच्या उपकरणांचा गोंगाट शोधा. सेट बॅटरीवर लावा, मेन स्विच बंद करा, आणि संकेताची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरकडे पाहा. काटा खाली आला तर चोर घरात आहे : एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, इन्व्हर्टर, मोबाइलचा स्वस्त चार्जर. माझ्याकडे एका जिन्यातल्या दिव्याने दोन वर्षं ४० मीटर खाल्लं होतं. बुवेचा संकेत हलकाच असणार. तुम्हाला तो ऐकूच आला नाही तर हजार वॅट असूनही उपयोग नाही.

आणि मोहिमेची वाट पाहत बसू नका, सराव आत्तापासून करा. दक्षिण आफ्रिकेची स्टेशनं त्याच दिशेला आहेत. ती रोज रात्री कुठल्या बँडवर किती वाजता उघडतात आणि मावळतात, याची वहीत नोंद ठेवा. महिनाभरात तुम्हाला वाटेची सवय होईल. स्प्लिटवर काम करायला शिका : ते एका ठिकाणी बोलतात आणि वर कुठेतरी ऐकतात. आत्ताच कुणाला उत्तर दिलं आणि तो कुठे होता, हे शोधून त्याच्या किंचित बाजूला हाक द्या, तीही एकदाच. त्यांच्या बोलण्याच्या जागी कधीही पाठवू नका. एफटी८ ही संगणकावरून संकेत पाठवायची पद्धत वापरणार असाल तर संगणकाचं घड्याळ सेकंदाला बरोबर ठेवा.

तार बांधायच्या आधी गच्चीचा एक साधा आराखडा काढा : टाकी कुठे, जिन्याची खोली कुठे, उत्तर कुठे, शेजारच्या विजेच्या तारा कुठे. विजेच्या तारांपासून दूर, हे सगळ्यात आधी. आराखडा इथेच टाका, दोरी कुठून कुठे न्यायची ते मी आखून देतो.